इनिस मोअटच्या नावाची शिष्यवृत्ती

नेटा मोअट ग्लेन अर्दाखच्या खोऱ्यात आली ती एका हंगामापुरती. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. बकीच्या बंदरावर मासे साफ करून करून हातांना बसलेला वास घालवायला आपण डोंगरात आलो, असं ती स्वतःच हसत सांगायची. शिकारीच्या दिवसांत इस्टेटीच्या मोठ्या बंगल्यावर पाहुणे उतरत. त्यांच्यासाठी दुपारी डोंगरावर जव घातलेलं मटणाचं सूप पोचवायचं, हे तिचं काम. सूप घ्यायला सगळ्यांच्या शेवटी एक तरुण कीपर, शिकारीचं रान राखणारा, यायचा. टोपी काढून हातात धरायचा, वाडगा घ्यायचा आणि आभार मानून दगडामागे जाऊन बसायचा. तो हेक्टर. ऑक्टोबर संपला, पाहुणे गेले, बंगल्याला कुलूप लागलं. नेटा मात्र परत गेली नाही.

हेक्टरला डोंगर तळहातासारखा पाठ होता. कुठल्या घळीत हरणांच्या किती माद्या, कुठला नर म्हातारा झाला, कुठल्या बाजूची हेदरची झुडपं यंदा जाळायची, हे तो वहीत बघून सांगत नसे. राहायला इस्टेटीचं घर, जळणाला इस्टेटीची लाकडं आणि दर दोन वर्षांनी इस्टेटीचा ट्वीडचा सूट. नोकरी आहे तोवर घर, हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण त्याची काळजी करण्याचं तेव्हा वय नव्हतं.

लग्नानंतर आठ वर्षांनी इनिस झाला. तोवर दोघांनीही नाद सोडला होता. पोरगं चालायला लागलं ते बापाच्या मागेच. शाळेत त्याचं लक्ष खिडकीबाहेर असे. मास्तरीण तक्रार करायची आणि हेक्टर ती मान खाली घालून ऐकून घ्यायचा, जणू शाळेत तोच बसला होता. सोळाव्या वर्षी इनिस कॉलेजात गेला, शिकारीचं रान राखण्याच्या आणि वन्यजीवांच्या व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला. हेक्टरच्या वेळी असलं कॉलेज नव्हतं, पास झाल्याचा कागद नव्हता. पोराचा कागद आला तेव्हा त्याने तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि घडी न घालता कपाटात ठेवला. इनिस खोऱ्यातच कामाला लागला, बापाच्या हाताखाली.

नोव्हेंबरातली गोष्ट. माद्या मारायचा मोसम. बापलेकांनी सकाळपासून दोन टिपल्या होत्या. एक हेक्टरने खाली आणली, दुसरी वर घळीच्या तोंडाशी राहिली. दुपारचे तीन वाजले होते आणि उजेड तासाभराचा उरला होता. इनिस क्वाडवर बसून वर गेला. जाड चाकांची ती चारचाकी मोटारसायकल मागे हरिणीचं वजन घेऊन ओल्या उतारावरून यायची म्हणजे जपून यावं लागतं. चार वाजले तरी तो आला नाही, तेव्हा हेक्टर चालत निघाला. त्याला क्वाड घळीत उलटी पडलेली सापडली. चाकं वर होती, इंजिन बंद पडलं होतं. इनिस तिच्याखाली होता. बावीस वर्षांचा होता तो.

अंत्यविधीला खोऱ्यातली आणि खोऱ्याबाहेरची इतकी माणसं आली की चर्चच्या भिंतीबाहेर उभी राहिली. लोकांनी जाताना त्याच्या नावाने काही ना काही दिलं. पाद्रीबाबांनी सुचवलं की त्यातून नदीकाठी एक बाक बसवू, त्यावर नाव कोरू. नेटा म्हणाली, तो आयुष्यात कधी बाकावर बसला नाही. तिला वेगळंच आठवत होतं. कॉलेजात इनिसच्या खोलीत एक मुलगा होता. त्याने दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडलं, कारण डोंगरात चालतील असे बूट नव्हते, गाडीचा परवाना नव्हता आणि जिथे काम शिकायचं ती इस्टेट घरापासून दोनशे मैलांवर. इनिस सुट्टीत घरी आला की त्याच्याबद्दल बोलायचा. हुशार होता आई, माझ्याहून हुशार होता, म्हणायचा.

मग नेटा कॉलेजात जाऊन अभ्यासक्रमाच्या प्रमुखांना भेटली. पिरी त्यांचं नाव, स्वतःही एकेकाळी कीपर, बोटं तंबाखूने पिवळी. दरवर्षी एका विद्यार्थ्याला इनिस मोअटच्या नावाने शिष्यवृत्ती द्यायची असं ठरलं. बूट, पावसाळी कपडे, दुर्बीण, गाडी शिकण्याचा खर्च आणि काम शिकायला जाईल तिथलं राहणं. अट एकच. प्रत्येक उमेदवाराने आपल्याला हे काम का करायचं आहे ते एक पानभर लिहायचं. ती पानं नेटा स्वतः वाचणार.

घरी येऊन तिने हेक्टरला सांगितलं. तो बंदूक पुसत होता. म्हणाला, "तुला करायचं ते कर." त्यानंतर तो शिष्यवृत्ती देण्याच्या कार्यक्रमाला एकदाही गेला नाही. दरवर्षी मे महिन्यात नेटा एकटी बसने जायची, पोरासोबत फोटो काढायची आणि निवडलेल्याला घरी चहाला बोलवायची. पोरं यायची, स्कोन खायची, भिंतीवरच्या इनिसच्या फोटोकडे बघून चुळबुळ करायची. हेक्टरला त्या दिवशी नेमकं डोंगरावर काम निघायचं.

अशी आठ वर्षं गेली, आठ पोरं झाली. नाताळात नेटा आठही जणांना कार्ड पाठवायची आणि उत्तरांची वाट बघायची. पहिला ड्रू. तो दक्षिणेला एका मोठ्या इस्टेटीवर सहा वर्षं टिकला, मग त्याचं कार्ड आलं की आता तो सामान पोचवायची गाडी चालवतो, तास ठरलेले असतात, बायको खूश आहे. दुसरा पवनचक्क्यांवर चढायला लागला. तिसरा सॅमन माशांच्या पिंजऱ्यांवर गेला. एक ऑस्ट्रेलियाला गेला, त्याने तिकडून उन्हात उभ्या असलेल्या मेंढ्यांचं चित्र पाठवलं. कोणी वाईट नव्हतं. सगळ्यांनी बूट झिजेपर्यंत वापरले होते. पण इस्टेटी विकल्या जात होत्या, जिथे चार कीपर होते तिथे एक उरत होता, आणि आठव्या वर्षी नेटाने मोजलं तेव्हा आठांपैकी एकच डोंगरावर होता. पिरी म्हणाले की अर्जही आता पूर्वीसारखे येत नाहीत. पूर्वी तीसेक पानं यायची, यंदा पाच.

त्याच वर्षी ग्लेन अर्दाखही विकलं गेलं. म्हातारे मालक गेले, त्यांच्या मुलींना ते नको होतं. झाडं लावणाऱ्या एका कंपनीने ते घेतलं. झाडं लावायची म्हणजे आधी हरणं नकोत, रोपांचे शेंडे खातात. कंपनीच्या माणसाने टेबलावर नकाशा पसरला आणि हेक्टरला समजावून सांगितलं की तीन वर्षांत डोंगर मोकळा व्हायला हवा, तोवर तुमची नोकरी आणि घर कायम. माणूस सभ्य होता, नेटाच्या चहाचं त्याने कौतुक केलं. हेक्टर तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. ज्या माद्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची नाती त्याला ठाऊक होती, त्या तो संपवायला लागला. सुरुवातीला घरी येऊन आकडा सांगायचा. आज सहा. आज नऊ. मग सांगायचं बंद झालं. मोरीपाशी हात धूत उभा राहायचा, आणि पाणी वाहत असायचं.

नवव्या वर्षी पाच पानांत मिरनचं पान आलं. पेस्लीच्या एका उंच इमारतीत आजीने वाढवलेली एकोणीस वर्षांची मुलगी. तिने लिहिलं होतं की तिने डोंगर फक्त बसमधून पाहिलाय. पण त्यांच्या इमारतीच्या कचरापेट्यांमागे एक कोल्हीण पिल्लं घेऊन राहायची, आणि ती दोन वर्षं रोज पहाटे अकराव्या मजल्यावरून तिची नोंद ठेवत होती. किती वाजता निघाली, कुठून गेली, काय तोंडात आणलं. इमारतीवाल्यांनी विष घातलं तेव्हा तीन पिल्लांपैकी कुठलं आधी मरेल ते तिला आधीच माहीत होतं. एवढंच लिहिलं होतं, पान अर्धंच भरलं होतं.

पिरींचा कल एका शेतकऱ्याच्या मुलाकडे होता. तो टिकेल, ते म्हणाले. नेटा म्हणाली, टिकतील म्हणून निवडलेले आठ झाले, आता हिला द्या.

मुलगी कॉलेजात हुशार निघाली. अडलं ते पुढे. दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी कुठल्या तरी कीपरच्या हाताखाली हंगाम काढावा लागतो, आणि कोणी तिला घेईना. एकाकडे शिकवायला आता माणसंच उरली नव्हती, दुसऱ्याकडे मुलीला ठेवायला जागा नव्हती. शेवटी पिरींनी संकोचत नेटाला फोन केला. नेटाने हेक्टरला विचारलं. तो नाही म्हणाला. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला गेली तर तो म्हणाला, "इथे शिकण्यासारखं काय उरलंय? मारायचं आणि गाडीत भरायचं." मग जरा वेळाने म्हणाला, "येऊ दे."

मिरन ऑक्टोबरात आली, पाठीवर बॅग आणि पायात शिष्यवृत्तीचे नवे बूट. त्यांच्याकडे बघून हेक्टर म्हणाला, "बूट चांगले आहेत. पाय कसे आहेत ते बघू." ती म्हणाली, "अकरा मजले रोज चढते, बॉस. लिफ्ट बंदच असते." नेटाने चुलीकडे तोंड फिरवलं, कारण तिला हसू आलं होतं.

तो हिवाळा त्या घरातला बऱ्याच वर्षांतला बरा हिवाळा होता. हेक्टरला बोलायला कोणीतरी मिळालं. वाऱ्याची दिशा गवताच्या पात्याने कशी बघायची, माद्यांच्या कळपात पुढारीण कोण ते कसं ओळखायचं, बंदूक उचलण्याआधी किती वेळ थांबायचं, हे सगळं तो जेवतानाही सांगायचा. मिरन तोंडात बटाटा असतानाच उलट प्रश्न विचारायची. एकदा तिने विचारलं की डोंगर रिकामाच करायचा असेल तर पुढारीण आधी मारली म्हणजे बाकीच्या गोंधळतील आणि काम लवकर संपेल, मग तुम्ही तिला का सोडता. हेक्टर म्हणाला, काम लवकर संपवायची मला घाई नाही, पोरी. नेटा दोघांच्या ताटात वाढत राही. मिरनला ती इनिसच्या खोलीत झोपवत नव्हती, पण इनिसचा लोकरी स्वेटर तिने एकदा काढून दिला होता, आणि हेक्टरने तो तिच्या अंगावर चालवून घेतला होता.

पण मिरनच्या प्रत्यक्ष कामाच्या वहीत एक रकाना रिकामा राहत होता. मारलेलं जनावर विद्यार्थ्याने एकट्याने, यंत्राच्या मदतीने, डोंगरावरून खाली आणायचं आणि शिकवणाऱ्या कीपरने ते बघून सही करायची. त्या सहीशिवाय कागद मिळत नाही, आणि त्या कागदाशिवाय आताच्या दिवसांत कोणी दारात उभं करत नाही. दर वेळी मादी पडली की मिरन क्वाडची चावी मागायची, आणि दर वेळी हेक्टर म्हणायचा, तू बंदूक सांभाळ, मी आणतो. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मिरन आधी थट्टेत म्हणायची की बॉस, तुम्ही मला बसमधूनच डोंगर दाखवणार वाटतं. मग थट्टा करायची थांबली. मोसम पंधरा फेब्रुवारीला संपत होता.

फेब्रुवारीतला पहिला रविवार. सकाळी चर्चला जायच्या आधी मिरन मागे कुत्र्यांना खायला घालायला गेली होती. हेक्टर टेबलाशी बूट बांधत होता. नेटाने मिरनची वही आणून त्याच्यासमोर उघडून ठेवली.

"सही कर, हेक्टर."

"तिने एकही एकटीने आणलेली नाही. खोटी सही मी करत नाही."

"मग आणू दे की तिला."

हेक्टरने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग नेटाकडे न बघता म्हणाला, "तो म्हणाला होता, उद्या सकाळी आणू, बाबा. अंधार पडतोय, आणि घसरण आहे. मी म्हणालो, रात्रभर ठेवली तर कोल्हे खातील. जा."

इतक्या वर्षांत हे त्याने सांगितलं नव्हतं. नेटाला एवढंच माहीत होतं की इनिस गेला आणि परत आला नाही. नको म्हणाला होता, हे तिला माहीत नव्हतं. ती खुर्चीवर बसली.

हेक्टरने खिशातून क्वाडची चावी काढली आणि वहीवर ठेवली. "माझ्या तोंडून तिला जा म्हणवत नाही. तू म्हण. तू तिला जा म्हणालीस तर मी बघेन उभं राहून, आणि सही करेन."

तो उठून बाहेर गेला. नेटा त्या चावीकडे बघत राहिली. चावी उचलायची, मागच्या दारात जायचं, पोरीच्या हातात द्यायची, एवढंच करायचं होतं. हे सगळं तिनेच उभं केलं होतं. तिच्या मुलाच्या नावाने नऊ पोरांना तिने बूट दिले होते, दुर्बिणी दिल्या होत्या, डोंगरावर जा म्हणून पाठीवर हात ठेवला होता. ती सगळी पोरं दुसऱ्यांच्या डोंगरावर जायची, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. या घरातून, या घळीकडे, त्यांतलं कोणी कधी गेलं नव्हतं.

मागचं दार वाजलं. मिरन आत आली, हात पुसत. तिची नजर वहीवर गेली, चावीवर गेली आणि तिथेच थांबली.

नेटा म्हणाली, "अंडी किती घेशील?"

मिरन म्हणाली, "दोन."

पंधरा तारखेला हेक्टर एकटाच डोंगरावर गेला. त्या दिवशी मिरनने आपली बॅग भरली. जाताना नेटाला मिठी मारली, हेक्टरशी हात मिळवला. हेक्टरने तिचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला आणि तेवढ्यावरच सोडला.

पिरींनी खटपट केली, पण मोसम संपला होता आणि पुढच्या मोसमाला वर्ग उरणारच नव्हता. ईस्टरनंतर कॉलेजने कळवलं की विद्यार्थी पुरेसे नसल्याने हा अभ्यासक्रम बंद होत आहे. मिरनला हजर राहिल्याचं एक पत्र मिळालं. पिरी निवृत्त झाले. शिष्यवृत्तीचं जे काही शिल्लक होतं ते कॉलेजच्या इतर कामांना वळवायला नेटाची सही हवी होती. तिने ती पहिल्याच फेरीत केली, दुसरं काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी डोंगर मोकळा झाला. कंपनीचा तोच सभ्य माणूस आला, हेक्टरचे आभार मानले आणि घर सप्टेंबरपर्यंत मोकळं करायला सांगितलं. ते आता सुट्टीला येणाऱ्यांना भाड्याने द्यायचं होतं. मोठा कुत्रा म्हातारा होता, त्याला हेक्टरने स्वतः पशुवैद्याकडे नेलं आणि एकटाच परत आला. धाकटी कुत्री एका मेंढपाळाने नेली. नवराबायको बकीला आली, जिथून नेटा चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी निघाली होती. नगरपालिकेचं तळमजल्यावरचं घर मिळालं, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची. हेक्टर सकाळी कपडे घालून त्या खिडकीशी बसायचा आणि दुपारी जेवायला उठायचा.

एका ऑक्टोबरात मिरन भेटायला आली. कोंबड्या कापून डब्यात भरणाऱ्या कारखान्यात ती पाळीवर काम करत होती. केस बारीक कापले होते, हातांवर चिरा होत्या. नेटाने हेक्टरला सांगितलं की मिरन आलीये. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "येताना वारा कुठला होता?"

"बसमध्ये कळत नाही, बॉस," मिरन म्हणाली.

त्यावर त्याने मान हलवली. त्यानंतर तासभर तिघं चहा पीत बसली. बोलणं झालं ते आजीच्या गुडघ्यांबद्दल आणि कारखान्यातल्या मुकादमाबद्दल.

नेटा तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेली. इतके दिवस मनात घोळत होतं ते तिने चालता चालताच बोलून टाकलं, कारण उभं राहून बोलता आलं नसतं. ती म्हणाली की हेक्टरने चावी टेबलावर ठेवली होती. देणं माझ्या हातात होतं. मी दिली नाही. त्याला दोष देऊ नकोस.

"मला ऐकू आलं होतं," मिरन म्हणाली. "मागच्या दाराशी सगळं ऐकू येतं."

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? त्यांनी मुलाचं जे सांगितलं ते ऐकल्यावर मी मागितली असती का चावी?" आवाजात राग नव्हता. "पण मला तो कागद हवा होता, मिसेस मोअट. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोही होतं."

नेटाने पोरीच्या जॅकेटची चेन वर ओढली. बस आली, मिरन चढली, मागच्या बाकावर बसली आणि काचेतून हात हलवला.

मिरनची कार्डं दोन नाताळ आली. तिसऱ्या नाताळला नेटाने पाठवलेलं कार्ड परत आलं, पत्त्यावर कोणी राहत नाही असा शिक्का मारून. त्याच्या पुढच्या मार्चमध्ये हेक्टर गेला. झोपेत गेला, डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही. दफनाला शिष्यवृत्तीच्या नऊ जणांपैकी एक आला होता, तो एकटा जो अजून डोंगरावर होता. त्याने ट्वीडचा सूट घातला होता आणि सगळ्यांच्या शेवटी उभा होता. निघताना तो म्हणाला की त्याचीही इस्टेट आता विक्रीला निघालीये.

नेटा आता एकटी असते. शेजारणीकडे गाडी आहे. ती कधी कधी विचारते, डोंगराकडे एक फेरी मारून यायचं का, रविवारी मला वेळ असतो. नेटा नको म्हणते. ग्लेन अर्दाखला लावलेली झाडं आता माणसाच्या डोक्यावर गेली आहेत म्हणे, आणि घळीकडे जाणारी वाट सापडत नाही.